पायथ्याची उशी

१

सामानाचा ट्रक बुधवारी पुण्याला निघून गेला आणि सरोजिनी नगरच्या त्या दोन खोल्यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये उरल्या चार गाद्या, एक किटली आणि तीन माणसं. श्रीरंग डिसेंबरअखेर मंत्रालयातून निवृत्त झाले होते. क्वार्टरच्या किल्ल्या शुक्रवारी परत द्यायच्या आणि पुण्याची गाडी मंगळवारी रात्रीची. मधले चार दिवस राहायचं कुठे, हा प्रश्न लेकीवर, म्हणजे पूर्वीवर, सोपवला गेला. ॲपवरून बुकिंग करता येणारी घरात ती एकटीच होती. केलेल्या बुकिंगला नावं ठेवायला मात्र दोघं होते.

"शहर दोन दिवस, जंगल दोन दिवस," बाबांनी फाइलीवर शेरा मारावा तसं सांगून टाकलं. "लाल किल्ला मी आतून पाहिलेला नाही. एकतीस वर्षं दिल्लीत काढली, सांगायला लाज वाटते."

यात अतिशयोक्ती नव्हती. महाराष्ट्रातून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला त्यांनी पानिपतला काला अंबच्या युद्धस्मारकापाशी नेऊन उभं केलं होतं. येताजाता लाल किल्ला टॅक्सीच्या खिडकीतून दाखवायचा, एवढंच.

जंगल म्हणजे सुलतानपूरचं राष्ट्रीय उद्यान. गुरुग्राम ओलांडून तासाभरावर. खरं तर एक उथळ तळं, भोवती बाभळी आणि चार लोखंडी मनोरे. पण हिवाळ्यात तिथे हिमालय ओलांडून पक्षी उतरतात. दादाचं तळं ते. सुधन्वादादाने एका हिवाळ्यात तिथे अकरा वेळा हजेरी लावली होती.

पूर्वीने तीन पर्याय काढले. ती संख्याशास्त्र शिकलेली, गुरुग्रामच्या कंपनीत तेच काम करणारी. तिने रीतसर तक्ता केला होता. पहिला, करोल बागेत हॉटेल आणि उद्यानाजवळ रिसॉर्ट. दुसरा, गुरुग्राममध्ये एकच फ्लॅट घ्यायचा आणि तिथूनच दोन्हीकडे जायचं. तिसरा, सगळे दिवस करोल बागेतच राहून पक्षी एका सकाळीत उरकायचे.

बाबांनी चष्मा लावून तक्ता वाचला. आईने वाचला नाही. ती भिंतीवरच्या कॅलेंडरचा खिळा उपटत होती.

"आणि ते?" ती म्हणाली.

"कोणतं?"

"मागच्या वेळचं. तळ्यापलीकडचं. चार पलंगांची खोली."

"आपण तिघं आहोत, आई," पूर्वी म्हणाली. म्हणायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं.

खिळा निघाला. आईने तो उगाचच पदराला पुसला आणि खिडकीत ठेवला.

२

हेमलताची, म्हणजे पूर्वीच्या आईची, एक पद्धत होती. तिच्या माहेरची, राजापूरकडची. परक्या जागी मुक्काम झाला की निघताना सगळं सामान बाहेर काढून झाल्यावर ती रिकाम्या खोलीच्या मधोमध उभी राहायची आणि एकेकाला हाक मारायची. "पूर्वी, चल घरी." मग पूर्वीने "आले" म्हणायचं. "सुधन्वा, चल घरी." "आलो." नवऱ्याला नुसतं "अहो, चला घरी." बाबा टॅक्सीची डिकी लावत असले तरी तिथून "आलो, आलो" करायचे. सगळ्यांची उत्तरं आली की ती दार ओढून घ्यायची आणि मागे वळून बघायची नाही.

माणूस निघतं पण त्याचा जीव कधीकधी जागेत गुंततो, त्याला बोलवावं लागतं, असं तिची आई सांगायची. आजीने कुमूला, म्हणजे हेमलतालाच, लहानपणी असंच बोलावलेलं. कुमुदिनी हे तिचं माहेरचं नाव. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने हेमलता लिहिलं गेलं आणि कुमुदिनी संपली. आजी गेल्यावर तिला कुमू म्हणणारं कोणी उरलं नव्हतं. बाबा "अगं" म्हणायचे आणि सरकारी कागद हेमलता म्हणायचे.

पूर्वी सात-आठ वर्षांची असताना तिने विचारलं होतं, "आई, तुला कोण बोलावतं?"

"मी दार लावते ना," आई हसली होती. "दार लावणारी कशी मागे राहील?"

लहान होती तोवर गंमत वाटायची. कॉलेजात गेल्यावर पूर्वीला त्याची चीड यायला लागली. हॉटेलचा माणूस दारात ताटकळलाय आणि आपली आई रिकाम्या खोलीत हाका मारतेय. दादाला मात्र कधी चीड आली नाही. तो मुद्दाम लांबून ओरडायचा, "आलोओ," आणि आईला हसू यायचं.

तीन वर्षांपूर्वी, जानेवारीत, तळ्यापलीकडच्या त्या खोलीतून निघताना धुकं होतं. टॅक्सीवाला हॉर्नवर हात ठेवून बसला होता. त्या दिवशी पूर्वीचा इंटरव्ह्यू होता. बाबांची हाक झाली. पूर्वीची झाली. दादा दुर्बीण घेऊन केव्हाच फाटकापाशी गेला होता. आईने तोंड उघडलं तेवढ्यात पूर्वीने तिचा दंड धरला.

"पुरे झालं हे, आई. आपण काय अठराव्या शतकात राहतो? चल."

आणि तिने स्वतः दार ओढून घेतलं.

मार्चमध्ये दादाला रक्ताचा कॅन्सर निघाला. जूनमध्ये तो गेला. सत्तावीस वर्षांचा होता.

३

गुरुवारी दुपारी पूर्वीने ॲपवर त्या खोलीचं पान उघडलंच. बघायला काय जातं. शिवाय त्याला वाईट शेरे पडलेले असले तर तेवढंच आईला दाखवता येईल.

शेरे बरे होते. फोटो सहा होते. फाटक, अंगण, जेवणाचं टेबल, न्हाणीघर, तळ्याकडची वाट. शेवटचा खोलीचा. चार पलंग ओळीने. पहिल्या तिन्हींवर पांढऱ्या चादरी ताणून बसवलेल्या, रजया घडी करून पायाशी. चौथा पलंग खिडकीखालचा. त्याची रजई बाजूला लोटलेली होती आणि उशी पायथ्याशी होती.

पूर्वीने फोटो मोठा केला.

दादा उशी पायथ्याला घेऊन झोपायचा. त्या खिडकीचा पलंग त्याने मागून घेतला होता. डोकं तिकडे केलं की झोपल्या झोपल्या तळं दिसतं, पहाटे नुसता हात लांब करून कडी काढता येते. ती कडी जुनी होती, निघताना टक्क करून पडायची. दोन्ही दिवस त्या आवाजाने पूर्वीला जाग आली होती आणि तिने दादाला शिव्या घातल्या होत्या.

फोटो पाच दिवसांपूर्वी टाकलेला होता.

तिने कारणं मांडली. एखादा पाहुणा तसाच झोपत असेल. खिडकीतून तळं कोणालाही बघावंसं वाटेल. फोटो काढणाऱ्याने आवरायचा कंटाळा केला असेल. तिन्ही कारणं पटण्यासारखी होती. पण चार पलंगांतले तीन इतके नीट आवरून चौथा तसाच ठेवून फोटो कोण काढतं?

तिने फोन लावला. जागेची देखभाल करणारा नीरज अजून तोच होता.

"चार बेड वाला? ख़ाली है जी," तो म्हणाला. "सर्दियों में ख़ाली ही रहता है."

"फोटो में एक बेड का तकिया उल्टी तरफ़ क्यों है?"

 मागे कुठेतरी हातपंप चालू होता.

"मैं तो रोज़ सीधा कर देता हूँ, मैडम."

"रोज़?"

"आप लोग आ जाओ," नीरज म्हणाला. "माताजी को बोलना, कमरा साफ़ मिलेगा."

फोन ठेवल्यावर पूर्वीच्या लक्षात आलं की तिने आपलं नाव सांगितलंच नव्हतं. आईचा तर विषयच निघाला नव्हता. मग तिने त्याचंही कारण शोधलं. त्याच्याकडे तिचा नंबर असेल. तीन वर्षांपूर्वी तिनेच बुकिंग केलं होतं.

४

"मी गुरुग्रामचा फ्लॅट घेतेय," संध्याकाळी चहा ओतताना पूर्वीने जाहीर केलं. "चारही दिवस एकच जागा. सामान हलवायला नको."

"चालेल," बाबा म्हणाले.

"नाही चालणार," आई म्हणाली.

बाबांनी कप खाली ठेवला. ही बाई एकतीस वर्षांत कुठल्या गोष्टीला नाही म्हणाल्याचं त्यांच्या ऐकिवात नव्हतं.

"आपण दिल्ली सोडतोय. मी त्याला इथे ठेवून जाणार नाही."

"आई, त्याला कॅन्सर होता. त्याचे रिपोर्ट आहेत. त्यात पेशींचे आकडे आहेत. हाक मारली नाही म्हणून पेशी वाढत नसतात."

"रिपोर्ट मार्चचा. तो जानेवारीत आला तेव्हाच आला नव्हता."

"म्हणजे काय?"

"तुला आठवत नाही? तीन तीनदा जेवायला हाक मारायची. मग बघायचा, ते काचेपलीकडून बघितल्यासारखा. विचारलेल्याचं उत्तर द्यायचा ते उशिरा. ताटातलं गार व्हायचं. मी तेव्हाच ओळखलं होतं."

"तो आजारी होता गं."

"हो. आजारी होता," आई शांतपणे म्हणाली. "पूर्वी, मी तुला तीन वर्षांत एक शब्द तरी बोलले का?"

चहाची वाफ पूर्वीच्या चष्म्यावर धरली. ती पुसण्यात तिने बराच वेळ घालवला. हाच तो शब्द. तीन वर्षं ती त्याची वाट बघत होती आणि आई तो बोलत नव्हती. रागावली असती, रडली असती, तर भांडता आलं असतं. नुसत्या गप्प बसण्याशी कोण किती भांडणार?

"अगं, मग घेऊ की तिथेच," बाबा म्हणाले. "दोन दिवसांचा प्रश्न. पक्षी तरी दिसतील."

"घ्या," पूर्वी म्हणाली. "जाऊ या. रिकामी खोली आहे ती, तूच बघ आपल्या डोळ्यांनी. मग पुण्याला गेल्यावर हा विषय नको."

तिने तिथल्या तिथे बुकिंग केलं, दोन दिवस करोल बाग आणि दोन दिवस ती खोली. किती माणसं, असं ॲपने विचारलं. तिने तीन हा आकडा असा दाबला की फोन हातातून निसटला.

५

करोल बागेतले दोन दिवस बरे गेले. बाबांनी लाल किल्ला आतून पाहिला आणि "एवढं काही नाही" असा निकाल दिला. आईने पुण्याच्या जावांसाठी शाली घेतल्या. रविवारी दुपारी टॅक्सीने उद्यानाकडे निघाले, तेव्हा धुकं उठलंच नव्हतं. रस्त्याकडेची सरसोंची शेतं पिवळी न दिसता राखाडी दिसत होती.

नीरज फाटकाशी उभा होता. त्याने बाबांना राम राम केला, आईला वाकून नमस्कार केला. पूर्वीकडे त्याने बघितलं नाही.

खोली होती तशीच होती. चुन्याचा वास, सिमेंटची गार जमीन, कोपऱ्यात बंद हीटर. चार पलंग. तिन्हींवर पांढऱ्या चादरी ताणलेल्या. चौथ्याची उशी पायथ्याशी.

"अभी सीधा किया था," नीरज पुटपुटला आणि पाणी आणायला निघून गेला.

आई दारातच थांबली. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, आणि पूर्वीला त्याचीच भीती वाटली. स्टेशनवर गाडी लागल्यावर डब्याच्या खिडक्यांत आपलं माणूस शोधताना असतो तसा तो चेहरा होता.

पूर्वी सरळ पुढे गेली, उशी उचलली, उशाला आपटून ठेवली आणि रजई घडी करून पायाशी टाकली.

"झालं," ती म्हणाली. "उशी आहे. कापूस भरलेली."

मग ते तळ्यावर गेले. मनोऱ्यावरून पाणी आणि आभाळ एकाच रंगाचं दिसत होतं. मधोमध डोक्यावर काळे पट्टे असलेले हंस बसले होते, शंभरएक तरी असतील. पट्टकादंब. हे नाव दादाने तिला पाठ करायला लावलं होतं. कडेला सारसांची एक जोडी चिखलात चोच घालून उभी होती.

"एक मेला तर दुसरा तिथेच थांबतो म्हणतात," बाबा म्हणाले.

"कोणी मोजलंय?" पूर्वी म्हणाली.

 आई पक्ष्यांकडे बघतच नव्हती. तळ्यापलीकडे धुक्यात त्या खोलीची खिडकी दिसत होती, बोटभर. तिची एक फळी उघडी होती.

परत आले तेव्हा उशी पायथ्याशी होती.

"नीरज आला असेल आत," बाबा म्हणाले.

खोलीची किल्ली पूर्वीच्या जॅकेटच्या खिशात होती. तिने ती मुठीत धरली. 

६

सोमवारी उजाडता उजाडता टक्क असा आवाज झाला आणि पूर्वीला जाग आली.

ती डोळे मिटूनच पडून राहिली. गार हवा गालाला लागत होती. तळ्यावरून हंसांचा कलकलाट येत होता, लांबच्या बाजारासारखा. आता डोळे उघडून बघायचं, एवढंच. ती मनात कारणं गोळा करू लागली. कडी जुनी आहे. वारा आहे. पण वारा नव्हता. धुकं असतं तेव्हा वारा नसतो, हेही दादानेच सांगितलेलं.

तिने डोळे उघडले. खिडकी उघडी होती. आई आपल्या पलंगावर बसली होती, शाल पांघरून, चौथ्या पलंगाकडे तोंड करून. कधीची बसली होती कोण जाणे.

"तू उघडलीस?"

आईने ओठांवर बोट ठेवलं.

लहानपणी दादाची रात्रपाळी असायची अभ्यासाची, तो सकाळी झोपलेला असला की आई असंच बोट ठेवायची.  रडू येतंय की संताप, हे पूर्वीला कळेना, म्हणून तिने संताप निवडला. ती उठली, खिडकी धाडकन लावली आणि कडी दोनदा दाबून बसवली.

खिडकी लावायची तर चौथ्या पलंगावर वाकावं लागत होतं. वाकताना तिचा तळवा गादीवर टेकला.

गादी कोमट होती.

नंतर न्हाणीघरात हातावर थंड पाणी घेत तिने स्वतःला समजावलं. आई तिथे येऊन बसली असेल. मी उठायच्या जरा आधी आपल्या जागी गेली असेल. तिला हे करायचंच आहे, तिला ते खरं व्हायला हवंय. माणूस दुःखात काय काय करतं.

दिवसभर ती आईवर नजर ठेवून होती. आई अंगणात खुर्ची टाकून शालीच्या गोंड्यांच्या गाठी सोडवत बसली. एकदाही खोलीत गेली नाही.

७

मंगळवारी धुकं इतकं होतं की टॅक्सी आली ती आवाजावरून कळलं. गाडी रात्रीची असली तरी निजामुद्दीन स्टेशनला दुपारपर्यंत पोचायचं होतं, तिथे बाबांचे ऑफिसातले लोक निरोप द्यायला येणार होते. बाबा बॅगा घेऊन पुढे गेले. खोलीत आई आणि पूर्वी उरल्या.

आई मधोमध उभी राहिली.

"अहो, चला घरी."

"आलो, आलो," धुक्यातून उत्तर आलं.

"पूर्वी, चल घरी."

"आले." दारातून, जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात.

आई चौथ्या पलंगाकडे वळली. ती ज्या आवाजात बोलली तो पूर्वीने तीन वर्षांत ऐकला नव्हता.

"सुधन्वा. चल घरी, बाळा."

हंस गप्प होते. न्हाणीघरातला नळ ठिबकत होता.

"सुधन्वा, चल घरी."

तिने तिसऱ्यांदा हाक मारली. मग ती दाराकडे, पूर्वीकडे वळली.

"माझं ऐकत नाहीये तो. तू बोलाव."

"मी?"

"तू अडवलंस ना गं त्याला? तू बोलावलंस तर येईल. एकदाच म्हण. काय जातंय तुझं?"

काही जात नव्हतं. तीन शब्द होते. पूर्वीने तोंड उघडलं आणि तेव्हाच तिला पलंग दिसला. रजई बाजूला लोटलेली. उशी पायथ्याशी. आणि गादीच्या मधोमध एक लांबट खळगा, कुशीवर झोपलेल्या माणसाएवढा. तो अगदी सावकाश खालीवर होत होता.

आता हाक मारायची म्हणजे तो तिथे आहे हे कबूल करायचं. तो तिथे असेल तर त्याला तिथे कोणी ठेवलं, हेही मग कबूल करावं लागणार होतं.

बाहेर हॉर्न वाजला. तोच लांबलचक हॉर्न.

"दादा गेलाय, आई," पूर्वी म्हणाली. स्वतःचा आवाज तिला चाबकासारखा लागला. "अडीच वर्षं झाली. मी हा खेळ खेळणार नाही. टॅक्सी थांबलीय."

आईने तिच्याकडे बघितलं. रागावली नाही.

"बरं," ती म्हणाली. "तू हो पुढे. मी दार लावते."

पूर्वी पायऱ्या उतरली. फाटकाकडची वाट खोलीला वळसा घालून खिडकीखालून जायची. बघायचं नाही असं ठरवून ती चालत होती, तरी मान वळलीच. खिडकी उघडी होती. आत आई चौथ्या पलंगाच्या कडेला बसली होती, पायथ्याशी, उशीजवळ. तिचा हात हवेत हळूहळू मागे जात होता, पुन्हा पुढे येत होता. झोपलेल्याच्या कपाळावरचे केस सारावेत तसा.

"आई, चल ना," असं ओरडावं वाटलं. ओरडली नाही. पाय उचलत फाटकाशी आली, टॅक्सीचं मागचं दार उघडलं.

आत आई बसलेली होती.

शाल नीट पांघरलेली, हात मांडीवर, नजर समोर.

पूर्वीने मागे बघितलं. धुक्यात खोली दिसत नव्हती. दुसरी वाट असेल, स्वयंपाकघरामागून जवळची. असणारच.

"आई, तू कधी आलीस?"

उत्तर आलं. पण टॅक्सी सुरू होऊन, वळून, डांबरी रस्त्याला लागल्यावर.

"हो," आई म्हणाली.

८

पुण्यातला फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे. ऊन भरपूर येतं. बाबांनी सकाळच्या फिरण्याचा एक गट शोधलाय. पूर्वीला कंपनीने बाणेरच्या ऑफिसात बदली दिली.

आई स्वयंपाक करते. मीठ बरोबर पडतं. पण तिला हाक मारली की दोनदा मारावी लागते. फेब्रुवारीत तीनदा मारावी लागायला लागली. ती बघते, पण काचेपलीकडून बघितल्यासारखी. तिच्या ताटातलं गार होतं.

"दिल्लीची सवय मोडायला वेळ लागेल गं तिला," बाबा म्हणतात. त्यांच्या तोंडचं हे वाक्य ऐकून पूर्वीला त्यांना गदागदा हलवावंसं वाटतं. तिने आईच्या सगळ्या रक्ताच्या तपासण्या करून घेतल्या. आकडे चांगले आले. ते चांगले आल्यावर तिला जास्त रडू आलं.

कारण टॅक्सीत ऐकलेलं ते "हो" तिच्या डोक्यातून जात नव्हतं, आणि त्याच्यामागून एक लहान मुलगी विचारत होती, तुला कोण बोलावतं?

शनिवारी दुपारी बाबा झोपले होते. पूर्वीने ॲप उघडलं. खोलीचा फोटो बदलला होता. चौथा पलंग तसाच, उशी पायथ्याशी. पण त्याच्या शेजारच्या तिसऱ्या पलंगाची चादरही आता विस्कटलेली होती आणि त्यावरची रजई तिहेरी घडी करून, कड आत मुडपून ठेवली होती. तशी घडी जगात एकच बाई घालते.

तिने नीरजला फोन लावला. कुठल्याही प्रस्तावनेशिवाय म्हणाली, "उस कमरे में जाओ. फोन स्पीकर पर रखो, और तुम बाहर रहो."

त्याने का म्हणून विचारलं नाही. पावलं ऐकू आली. दार करकरलं. मग फोन लाकडावर ठेवल्याचा आवाज, आणि पावलं लांब गेली.

त्या खोलीचा आवाज तिने ओळखला. नळ ठिबकत होता. लांब तळ्यावर पक्षी होते. स्वयंपाकघरात तिची आई ओट्याशी पाठमोरी उभी होती, हात पाण्यात, केव्हाची.

"आई," पूर्वी फोनमध्ये म्हणाली. "चल घरी."

नळ ठिबकत राहिला.

"हेमलता, चल घरी." आईचं नाव तिने आयुष्यात पहिल्यांदा असं घेतलं होतं. ते कुणा परक्या बाईचं वाटलं. फॉर्मवरचं.

काही नाही.

मग तिने डोळे मिटले. आजीचा आवाज तिला नीट आठवत नव्हता, तरी तो आणायचा प्रयत्न केला.

"कुमू. चल घरी."

तिकडे पलंग करकरला. कोणीतरी कूस बदलावी, नाहीतर कडेवरून जरा सरकून बसावं, इतकाच. पूर्वीने फोन दोन्ही हातांनी धरला. ओट्याशी उभी असलेली आई हलली नव्हती. तिचे हात पाण्यात तसेच होते.

"कुमू," ती पुन्हा म्हणाली. आता ती रडत होती. "चुकलं माझं. दादाला पण बोलावते. दोघं या. सुधन्वा, दादा, चल घरी. ऐकू येतंय का? कुमू, चल घरी."

आणि फोनमधून आईचा आवाज आला. दबका, जसा लहानपणी सकाळी असायचा. त्यात राग नव्हता, घाई तर मुळीच नव्हती.

"हळू बोल गं. झोपलाय तो," ती म्हणाली. "उठला की येतो आम्ही. तू हो पुढे."